न झालेल्या तपासणीवर सही

वाचकाचे पत्र:

‘मी एका उत्पादन कंपनीत गुणवत्ता विभागात काम करतो. माल बाहेर पडण्याआधी ठरलेल्या चाचण्या व्हायला हव्यात. पण गेली दोन वर्षं घाईच्या दिवसांत चाचणी न करताच अहवाल भरला जातो, आणि त्याखाली सही माझी असते. साहेब म्हणतात, “मागचा माल पास झाला, हाही होणारच.” आजवर माल परत आलेला नाही. निर्णय वरचे घेतात, मी फक्त सही करतो. मी संडे स्कूलमध्ये शिकवतो, मंडळीला उत्पन्नाचा दशांश नियमित देतो. मंडळीतल्या एका ज्येष्ठ बंधूंना हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “नामानालाही रिम्मोनाच्या देवळात वाकायची मुभा मिळाली होती. जगात राहायचं तर थोडं वाकावं लागतं. देव मन पाहतो.” पत्नी म्हणते, घर माझ्या एकट्याच्या पगारावर आहे, मुलं लहान आहेत, भलतं धाडस नको. मला हे सगळं पटत नाही आणि सोडवतही नाही. मागच्या काही महिन्यांपासून प्रभुभोजनाच्या वेळी भाकर न घेता मी मागे बसून राहतो. मी नोकरी सोडावी का? की इतकं मनाला लावून घ्यायचं कारण नाही?’

– एक द्विबुद्धी

प्रिय बंधू,

प्रभूमध्ये सलाम.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात मला काहीच शंका नाही. मनाला लावून घ्यायचं कारण आहे. जे तपासलं नाही ते तपासलं, असं तुम्ही लिहून देता आणि खाली आपलं नाव घालता. ही खोटी साक्ष आहे. त्या कागदावर विसंबून कुणीतरी तो माल वापरणार आहे, म्हणून ती शेजाऱ्याविरुद्धची खोटी साक्ष आहे. तुमचं मन दोन वर्षं टोचतंय ते उगाच नाही. ते अजून टोचतंय याबद्दल मी देवाचे आभार मानते, कारण अशा कामात मन फार लवकर टोचायचं थांबतं.

‘माल आजवर परत आलेला नाही’ हे वाक्य तुम्ही बहुधा स्वतःला धीर द्यायला लिहिलं असावं. पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात एक छोटीशी आज्ञा आहे. नवं घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाहीतर तिथून कुणी पडलं तर रक्तपाताचा दोष तुझ्या घरावर येईल. कठडा कधी करायचा, तर घर बांधतानाच. कुणी पडलं की करू, असं तिथे म्हटलेलं नाही. ज्याच्या धाब्यावरून आजवर कुणी पडलं नाही त्यालाही ही आज्ञा तेवढीच लागू होती. गुणवत्ता विभाग म्हणजे दुसरं काय आहे? तुम्ही कठडा बांधण्यासाठी नेमलेला माणूस आहात, आणि कठडा नसताना तो आहे असं लिहून देत आहात. लेवीयात खऱ्या तराजूची आणि खऱ्या मापांची आज्ञा आहे. खोटा तराजू परमेश्वराला वीट आणतो, असं नीतिसूत्रांत म्हटलं आहे. तुमचं रोजचं काम पवित्र शास्त्राच्या कक्षेबाहेरचं, केवळ ‘व्यवहाराचं’ आहे असं समजू नका. मोजमापाच्या खरेपणाबद्दल देव इतकं बोलला आहे की तुमच्या खुर्चीवर बसणाऱ्याला आणखी वेगळ्या दर्शनाची गरज पडू नये.

आता त्या ज्येष्ठ बंधूंच्या नामानाकडे वळते. यावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण नामानाच्या आडोशाला बसलेली ख्रिस्ती माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

2 राजे 5 पुन्हा उघडा आणि एका बैठकीत शेवटच्या ओवीपर्यंत वाचा. नामान हा अरामाचा सेनापती, परक्या देशाचा, इस्राएलाच्या देवाला ओळखून त्याला अजून एक दिवसही झाला नव्हता. यार्देन नदीत सात वेळा बुडी मारून तो कोडापासून शुद्ध झाला, माघारी संदेष्ट्या अलीशाकडे आला आणि म्हणाला की यापुढे मी परमेश्वराशिवाय दुसऱ्या कुठल्याही देवाला होम किंवा यज्ञ करणार नाही. त्याने दोन खेचरांच्या ओझ्याइतकी माती मागून घेतली. त्यानंतर तो घुटमळत एक गोष्ट बोलतो. माझा धनी रिम्मोनाच्या देवळात जातो, माझ्या हातावर टेकतो, आणि मलाही वाकावं लागतं; या बाबतीत परमेश्वर मला क्षमा करो. एकाच वाक्यात तो दोनदा क्षमा मागतो. त्यावर अलीशा एवढंच म्हणतो, ‘शांतीने जा.’

यात मुभा कुठे आहे? नामानाने मुभा मागितलेलीच नाही. वाकणं चुकीचं आहे हे त्या नवशिक्याला कुणी न शिकवता कळलं, आणि कुणी न विचारता त्याने ते सांगून टाकलं. ‘देव मन पाहतो’ असं म्हणून त्याने ते हलकं केलं नाही. अलीशानेही ‘चालेल’ असं म्हटलं नाही. एका कोवळ्या विश्वासाला पुढच्या वाटेवर देवाच्या हाती सोपवून त्याने निरोप दिला. पुढे दमास्कसाला गेल्यावर नामान वाकला की नाही, हे शास्त्र सांगत नाही. जिथे शास्त्र गप्प आहे तिथे आपल्या सोयीचं उत्तर भरून त्याला परवानगी म्हणायचं, हे मला मान्य नाही.

आणि तो अध्याय तिथे संपत नाही. नामानाची गोष्ट सांगणारे नेमके तिथे थांबतात, याचं मला दर वेळी नवल वाटतं. पुढच्याच ओवीत गेहजी येतो. हा संदेष्ट्याचा सेवक. त्याने अलीशाच्या हातून काय काय घडताना पाहिलं असेल! शूनेमकरणीचा मेलेला मुलगा उठला तेव्हा हा तिथेच होता. अलीशाने नामानाची देणगी घेतली नाही हे पाहून तो त्याच्या मागे धावला. दोन तरुण पाहुणे आले आहेत, त्यांच्यासाठी चांदी आणि कपडे द्या, असं त्याने सांगितलं. नामानाने आनंदाने दोन किक्कार चांदी आणि दोन पोशाख दिले. कुणाचंही नुकसान झालं नाही, देणाऱ्याला तर बरंच वाटलं. मग गेहजी घरी येऊन धन्यासमोर उभा राहिला. ‘कुठून आलास?’ ‘तुझा दास कुठेच गेला नव्हता.’ न घडलेली गोष्ट घडली म्हणून सांगायची आणि घडलेली घडली नाही म्हणायचं, एवढंच त्याने केलं. नामानाचं कोड त्याला आणि त्याच्या वंशाला लागलं.

एकाच अध्यायात दोन माणसं आहेत. काल देवाला ओळखलेल्या परक्याशी संदेष्टा इतका सौम्य आहे, आणि घरच्या सेवकाशी इतका कठोर. या दोघांपैकी तुम्ही कोण, हे तुम्हीच ठरवा, बंधू. तुम्ही संडे स्कूलमध्ये मुलांना दहा आज्ञा पाठ करून घेता. नामानाचा कोवळेपणा तुमच्या वाट्याला येत नाही. एक गोष्ट मात्र त्याच्याकडून आजही घेता येईल. जे चूक आहे त्याला त्याने चूक म्हटलं आणि क्षमा मागितली. गेहजीने दडवलं. वाकण्यातही फरक असेल, पण त्या दोघांचे रस्ते वेगळे झाले ते इथे.

‘देव मन पाहतो’ हे वचन 1 शमुवेल 16 मधलं आहे. त्याच्या आदल्या अध्यायात काय घडलं ते आठवतं ना? अमालेकी लोकांचं सर्व काही नष्ट कर, अशी शौल राजाला आज्ञा होती. त्याने अगाग राजाला जिवंत ठेवलं आणि उत्तम मेंढरं, उत्तम गुरं राखून ठेवली. संदेष्टा शमुवेल आला तेव्हा शौल पुढे होऊन म्हणाला, मी परमेश्वराची आज्ञा पाळली आहे! मेंढरांचं बेंबटणं कानावर येत असताना म्हणाला. विचारल्यावर उत्तर दिलं की लोकांनी ती राखून ठेवली, आणि तीही यज्ञासाठीच. तुमचं ‘निर्णय वरचे घेतात, मी फक्त सही करतो’ आणि त्याचं ‘लोकांनी राखून ठेवली’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. तुमचा दशांश आणि त्याचा यज्ञही शेजारी ठेवा. शमुवेलाने दिलेलं उत्तर तुम्हाला तोंडपाठ असेल: ‘यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे.’ देव मन पाहतो, हे खरंच आहे. नवा राजा निवडताना अलीयाबाच्या उंचीवर शमुवेल भुलला तेव्हा देवाने त्याला हे सांगितलं. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्याच्या आत काय आहे ते मी पाहतो, असं तो म्हणाला. बाहेरून चोख भरलेल्या अहवालाच्या आत काय आहे, तेही तो पाहतो. त्या वचनात खोट्या सहीला आसरा मिळत नाही.

मी कठोर बोलले असेन. पण तुम्ही स्वतःला द्विबुद्धी म्हणवून घेतलंत, याकोबाच्या पत्रातला शब्द स्वतःला लावलात, तेव्हा तुम्हाला गोड बोलणारं आणखी एक माणूस नको होतं असं मी समजते.

आता तुमच्या पत्नीबद्दल. त्यांच्यावर रागावू नका, आणि या गोष्टीत त्यांना हव्वेच्या जागी बसवू नका. ती चूक आपले पुरुष सहज करतात. एकट्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या बाईची भीती खरी असते. आज्ञापालनाची किंमत तुम्ही एकटे मोजणार नाही, त्याही मोजणार आहेत. म्हणून कंपनीत कुणाशीही बोलण्याआधी त्यांच्याशी बोला, आणि निर्णय सांगायला म्हणून जाऊ नका. दोन वर्षांत नेमकं काय काय झालं, हे त्यांना पूर्ण ठाऊक आहे का? माझा अंदाज आहे, नसावं. ‘ऑफिसात थोडं इकडेतिकडे होतं’ एवढंच ठाऊक असेल, तर त्या धाडस नको म्हणणारच. उद्या काही अपघात झाला, चौकशी झाली, तर कागदावर वरच्यांचं नाव नसेल, तुमचं असेल. हे त्यांना सांगा. त्यांना सुरक्षित वाटणारी वाट खरोखर किती सुरक्षित आहे, ते त्यांना आधी दिसू द्या.

पण केवळ एवढ्यावर त्यांचं मन वळवू नका, कारण मग ते भीतीचं गणित होईल. राजाच्या मूर्तीपुढे वाकले नाहीत म्हणून जळत्या भट्टीत टाकले जाणार होते ते शद्रख, मेशख आणि अबेद्नगो राजाला जे बोलले ते दोघांनी मिळून वाचा. आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, असं त्यांनी म्हटलं. आणि मग, त्याने सोडवलं नाही तरीही आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही, असंही म्हटलं. भट्टीत त्या तिघांबरोबर फिरणारा चौथा दिसला तो नंतर. हे वाक्य बोलताना त्यांना तो दिसलेला नव्हता. आज्ञा पाळली की नोकरी टिकेल, बढती मिळेल, साहेबांचं मन पालटेल, असं आश्वासन मी तुम्हाला देणार नाही. असं आश्वासन देणारी साक्ष ऐकवून लोकांना उभं करतात, आणि मग नोकरी गेली की त्यांचा विश्वासही जातो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने हेरोद राजाला त्याची चूक सरळ सांगितली आणि त्याचं शिर गेलं. दानीएल मात्र सिंहांच्या गुहेतून सुखरूप वर आला. दोघंही आज्ञाधारक होते.

इतिहासातलं एक प्रकरण तुमच्या प्रकरणाच्या इतकं जवळचं आहे की ते सांगितल्यावाचून राहवत नाही. इ.स. 250च्या सुमारास रोमी सम्राट डेसियस याने हुकूम काढला की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बली अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत, पपायरसावर लिहिलेले. मजकूर साधारण ठरलेला: मी नेहमीच देवांना बली देत आलो आहे, आताही तुमच्यासमोर हुकमाप्रमाणे अर्पण केलं आणि चाखलं, तरी खाली सही करून दाखला द्यावा. काही ख्रिस्ती माणसांनी नकार दिला आणि ती तुरुंगात गेली, मेली. काहींनी घाबरून खरोखर बली दिला. आणि काहींनी मधली वाट काढली. बली द्यायचा नाही, मात्र अधिकाऱ्याला पैसे देऊन दाखला तेवढा विकत घ्यायचा. हात स्वच्छ राहिले, मूर्तीपुढे गेलो नाही, फक्त एक कागद, असा त्यांचा हिशेब होता.

कार्थेजचा बिशप सिप्रियन याला या लोकांबद्दल बोलावं लागलं. कागदावर ‘मी केलं’ असं मान्य करणं हेदेखील नाकारणंच आहे, हे त्याने स्पष्ट सांगितलं. पण त्याच सिप्रियनने पुढे एका पत्रात अशा माणसाची बाजूही मांडली आहे. बली द्यायचा नाही एवढंच मी शिकलो होतो, दाखला घेणंही पाप आहे हे मला कळलं नव्हतं, आता कळलं म्हणून रडतो आहे, असं तो माणूस म्हणतो. रोममध्ये नोव्हाशियनाचा गट म्हणत होता की पडलेल्यांना मंडळीचं दार पुन्हा उघडूच नये. कार्थेजच्या 251च्या सभेने ते मानलं नाही. दाखलेवाल्यांचा प्रत्येकाचा वेगळा विचार करून, पश्चात्ताप पाहून, त्यांना परत घ्यायचं ठरवलं. मंडळीने कागदाला क्षुल्लक म्हटलं नाही, आणि माणसालाही टाकलं नाही. आजच्या आपल्या मंडळ्यांत यातलं एकच काहीतरी जमतं. एक तर सगळं चालतं, नाहीतर पडलेला कायमचा गेला. दोन्ही एकत्र धरायला प्रीती लागते आणि कणाही लागतो.

नोकरी सोडावी का, असं तुम्ही विचारलंत. माझं मत, लगेच नाही. नाकारायचं आहे ते पाप. योहानाकडे जकातदार आले, शिपाई आले, आम्ही काय करावं म्हणून विचारू लागले. त्या काळातले हे दोन्ही धंदे खोटेपणाने बरबटलेले. तरी धंदा सोडा असं तो म्हणाला नाही. नेमून दिल्यापेक्षा जास्त घेऊ नका, कुणावर जुलूम करू नका, खोटे आरोप करू नका, आपल्या वेतनात समाधानी राहा, असं त्याने सांगितलं. तुमच्या जागी बसून सरळ काम करणारा माणूस ही त्या कंपनीची आणि तिचा माल वापरणाऱ्यांची गरज आहे. तुम्ही राजीनामा दिलात तर उद्या त्या खुर्चीत असा कुणी बसेल ज्याचं मन टोचतही नाही. स्वतःचे हात धुऊन निघून जाणं कधी कधी सोपं असतं, म्हणूनच ते आधी सुचतं.

म्हणून यापुढची पहिली खोटी सही करू नका. एवढंच पहिलं पाऊल आहे, आणि यात टप्प्याटप्प्याने कमी करत जाणं नाही. ‘फार घाई असेल तेव्हाच’ असं स्वतःशी ठरवलंत तर दर आठवडा घाईचाच निघेल. सही मागितली जाण्याची वाट पाहत बसू नका. त्याआधी साहेबांची वेळ घ्या आणि एकांतात बोला. दानीएल राजाचं अन्न नाकारताना अधिकाऱ्याशी कसा वागला ते पहिल्या अध्यायात पाहा. आधी मनात निश्चय केला, मग विनंती केली, अधिकाऱ्याची भीती ऐकून घेतली, आणि त्याने नेमलेल्या कारभाऱ्यापुढे झेपेल असा दहा दिवसांचा पर्याय ठेवला. आवाज चढवला नाही, खानसाम्याला पापी म्हटलं नाही. तुम्हीही पर्याय घेऊन जा. घाईच्या दिवसांत कुठल्या चाचण्या आधी घेता येतील, आणखी एक माणूस किंवा दुसरी पाळी मिळाली तर किती वेळ वाचेल, ग्राहकाला एक दिवस उशिराचं कळवता येईल का, हे सगळं नीट मांडा. आणि मग साधं वाक्य बोला: ‘जी चाचणी झालेली नाही तिच्यावर मी यापुढे सही करणार नाही. झालेली नसेल तर झालेली नाही असं लिहीन.’ मागे वचनं जोडू नका, प्रवचन देऊ नका. विचारलं तर सांगा की मी प्रभूचा माणूस आहे आणि मला हे करता येत नाही. बोलणं झालं की त्याच दिवशी तेच थोडक्यात लेखी पाठवून ठेवा.

एक सावधगिरीही सांगते. या निश्चयाच्या भरात ऑफिसातली प्रत्येक नावडती गोष्ट पाप ठरवू नका. साहेबांची पद्धत आवडत नाही, बैठका निरर्थक आहेत, कुणाचं बोलणं खरखरीत आहे, या गोष्टी सोसायच्या असतात. जो दहा गोष्टींवर अडून बसतो त्याच्या अकराव्या, खऱ्या नकाराला कुणी मोजत नाही. दानीएलाने बाबेलमध्ये दिलेलं नाव स्वीकारलं, बाबेलची भाषा शिकला, बाबेलच्या राजाची चाकरी मन लावून केली. सहाव्या अध्यायात शत्रूंनी त्याच्या कामात खोट शोधली तेव्हा त्यांना ती सापडली नाही. तुमचंही बाकीचं काम असं असू द्या.

साहेब ऐकणार नाहीत, हेही होऊ शकतं. ते सही दुसऱ्याकडून घेतील, तुम्हाला बाजूला बसवतील, किंवा निरोप देतील. त्या शक्यतेची तयारी आत्ताच सुरू करा. खर्च आवरा, दुसरी नोकरी शोधायला लागा. हा अविश्वास नव्हे, ही पत्नीमुलांवरची प्रीती आहे. आणि ते खोटे अहवाल चालूच राहिले आणि त्यातून कुणाच्या जिवाला धोका असेल, तर फक्त आपली सही मागे घेऊन तुमची जबाबदारी संपणार नाही. वरच्या व्यवस्थापनाला किंवा कायद्याने नेमलेल्या यंत्रणेला कळवावं लागेल. मागच्या दोन वर्षांच्या अहवालांचंही तसंच आहे. जकातदार जक्कयाने प्रभूला आनंदाने घरी घेतलं आणि उभा राहून म्हणाला की ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत देतो. परतफेडीविना पश्चात्ताप त्याला सुचलाच नाही. कुठल्या मालाची चाचणी झाली नव्हती, त्यातला किती अजून वापरात असेल, कुठला तपासून पाहता येईल, याची आठवेल तेवढी यादी करा. ती पुढे करण्याआधी विश्वासू वकिलाला भेटा, कारण यातून तुमच्यावर काय येऊ शकतं हे तुम्हाला आणि पत्नीला आधी ठाऊक असायला हवं. वकिलाकडे जायचं ते प्रामाणिकपणे पुढे कसं यावं हे विचारायला. लपण्याची युक्ती विचारायला जाऊ नका.

त्या ज्येष्ठ बंधूंकडे पुन्हा जा. भांडायला जाऊ नका, पण त्यांनी दिलेला सल्ला तुम्हाला गप्प बसवून गेला, हे त्यांना कळायला हवं. पेत्र अंत्युखियात यहूदी नसलेल्या परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता, आणि याकोबाकडचे यहूदी लोक आले तसा भीतीने मागे सरला. पौलाने त्याला सर्वांदेखत तोंडावर विरोध केला. हाच पेत्र पूर्वी न्यायसभेसमोर उभा राहून म्हणाला होता, ‘आम्ही मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे.’ मोठी माणसंही भीतीने सरकतात, आणि त्यांना परत आणणारा भाऊ लागतो. मला तर वाटतं, मंडळीकडून तुम्ही आणखीही मागावं. नोकरी गेली तर काही महिने तुमच्या घराला आधार देण्याची जबाबदारी मंडळीची आहे. ‘तडजोड करू नका’ असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी, तडजोड न केल्यामुळे पगार गेलेल्या कुटुंबाला वाऱ्यावर सोडलं, तर त्या उपदेशाला काय अर्थ राहिला? पाळकांना हे स्पष्ट विचारा. संकोच करू नका.

राहिलं प्रभुभोजन. तुम्ही मागे बसून राहता यात मला देवाचं भय दिसतं, आणि ते चांगलं आहे. पण त्यात एक धोकाही आहे. मागे बसणं हीच शिक्षा भोगून झाली असं वाटू लागतं, आणि सोमवारी सही पुन्हा होते. पौलाने करिंथकरांना लिहिलं की माणसाने आत्मपरीक्षा करावी, आणि मग ती भाकर खावी आणि त्या प्याल्यातून प्यावं. परीक्षा करून दूर राहावं, असं त्याने लिहिलेलं नाही. ही मेज निर्दोष लोकांसाठी मांडलेली नाही. प्रभूने ती पहिल्यांदा मांडली त्याच रात्री तिच्याभोवती बसलेल्यांपैकी एकाने त्याला विकलं होतं, एक पहाटेच्या आत नाकारणार होता आणि बाकीचे पळणार होते. त्याच रात्री, त्याच माडीवर तो म्हणाला, ‘माझ्यावर तुमची प्रीती असली तर तुम्ही माझ्या आज्ञा पाळाल.’ भाकर आधी दिली. आज्ञापालन हे तिचं मोल नव्हतं.

सिप्रियनच्या दाखलेवाल्यांना दार उघडलं गेलं ते त्यांनी कागद फाडून जगाला दाखवला म्हणून नव्हे. ते आले, बोलले, रडले. तुम्हीही या रविवारच्या आधी पाळकांना भेटा, पत्नीला बरोबर न्या, आणि जे मला लिहिलंत ते त्यांना नावांशिवाय, पण काहीही न गाळता सांगा. साहेबांशी कधी बोलणार तो दिवस त्यांच्यासमोर ठरवा, म्हणजे तो पुढे ढकलायला तुम्हाला तोंड राहणार नाही. तिथे तिघांनी मिळून प्रार्थना करा. मग रविवारी पुढे जाऊन भाकर घ्या.

तुमची बहीण